समुद्राचं मावंदं

सोलापुरातून लांबच्या यात्रेला निघणारा माणूस आधी बाळीवेशीतल्या रुद्राणीअक्काच्या पडवीत यायचा आणि मग स्टेशनाकडे जायचा. ज्वारीची कडक भाकरी करावी तर तिनंच, असा तिचा लौकिक होता. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावरून उतरवली की निखाऱ्यांपाशी उभी करायची आणि पार वाळेपर्यंत तिथून हलवायची नाही. अशी भाकरी महिनाभर टिकायची. सोबत उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी. काशीला गेलेल्याच्या पडशीत अक्काची भाकरी, रामेश्वराला गेलेल्याच्या पडशीत अक्काची भाकरी, श्रीशैलाच्या चढणीवरही तीच. भाकरीनं सगळा मुलूख पालथा घातला होता. अक्का स्वतः मात्र लग्न होऊन आल्यापासून मोहोळच्या पलीकडे गेली नव्हती. मोहोळला गेली तीही कुणाच्या तरी लग्नाला, आणि तिथंही दोन दिवस पोळ्या लाटत बसली होती.

गिऱ्हाईक पडवीत टेकलं की अक्काचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या देवाला?" देव कळला की वाट कळायची आणि वाट कळली की किती भाकरी लागतील तेही कळायचं. माणसाचं नाव ती पुष्कळदा विसरे, देव विसरत नसे. "काशीवाला आला का?" असं ती विचारी, आणि काशीवाला म्हणजे कुणी तरी पागोटेवाला शेतकरी असे.

ती अक्कलकोटाकडची. परकरात असताना लग्न होऊन आली तेव्हा तोंडात सगळं कानडी होतं. मराठी ती गल्लीत शिकली, तेही भांडता भांडता. नवरा मल्लप्पा अडतीच्या दुकानात कामाला होता. तो गेला तेव्हा पदरी मूल नव्हतं. राहिला तो धाकटा दीर गुरप्पा. ती घरात आली तेव्हा तो रांगत होता, तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. आता त्याचं धान्याचं दुकान होतं, मिशीला पीळ होता आणि घरात त्याचा शब्द चालत होता. पडवीतली चूल तेवढी अक्काची. मार्शल लॉच्या दिवसांत गोरे सोजीर बंदुका घेऊन रस्त्यावर फिरत होते, सगळी गल्ली दारं लावून बसली होती, तेव्हासुद्धा त्या चुलीचा धूर बंद पडला नाही. दिराच्या घरात राहूनही अक्का कुणाच्या जिवावर खात नव्हती, हे त्या चुलीमुळं. तिला जे काय स्वतःचं म्हणून होतं ते एवढंच.

आणि जीभ. एकदा एका गिऱ्हाइकानं भाकरीकडे बघून नाक मुरडलं. अक्का उठली, भाकरी त्याच्या कानाशी नेली आणि कडकन मोडली. "आयकलास आवाज? आता बोल." गिऱ्हाईक दुप्पट भाकरी घेऊन गेलं.

अशा बाईला एका चैत्रात कापडवाले अण्णाराव भेटले आणि सगळं बिनसलं. अण्णाराव भाकरी सांगायला आले. अक्कानं सवयीनं विचारलं, "कुठल्या देवाला?"

अण्णाराव हसले. "देवाला न्हाय, अक्का. बघायला चाललोय."

"काय बघायला?"

"पन्हाळ्याचा डोंगर, आंब्याचा घाट. आन् घाट उतरला की रत्नागिरीचा समुद्र. हितल्या उन्हात पार भाजून निघालो की. जरा हवा बदलून येतो."

"आन् देव?"

"वाटंत लागला तर लागला."

अक्काच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. माणूस घर सोडून, दुकान सोडून, नुसतं बघायला जातो? आणि ते असं उजळ माथ्यानं सांगतो?

महिन्याभरानं अण्णाराव परतले, काळे पडलेले पण खूश. ओट्यावर बसून सांगू लागले. पाणीच पाणी. बघावं तिकडं पाणी. अक्कानं विचारलं, "आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याएवढं आसंल की?" त्यावर अण्णाराव जे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते हसणं अक्काला लागलं. सगळ्या दुनियेची शिदोरी बांधून देणाऱ्या बाईला तळं आणि समुद्र यातला फरक ठाऊक नसावा, याची तिला स्वतःचीच चीड आली. ती चीड तिनं वर्षभर चुलीपुढं बसून तापवत ठेवली.

पुढच्या चैत्रात, गुरप्पा जेवायला बसला असताना तिनं दारात उभं राहून सांगितलं, "यंदा मी जाणार हाय."

गुरप्पाचा चेहरा फुलला. "जावा की वैनी! कवाच जायला पायजे व्हतं. श्रीशैलला ना? आपल्या मठातली मंडळी निघाल्यात, त्यांच्यासंगं..."

"देवाला न्हाय. समुद्र बघायला."

गुरप्पाची बायको सावित्रम्मा वाढत होती. तिची पळी आमटीत तशीच राहिली.

"बघायला?" गुरप्पा म्हणाला. "बघायला तमाशाला जात्यात, वैनी. घरंदाज बाईमाणूस, त्यातनं नवरा न्हाय, उठून समुद्र बघायला जाती, आसं कुटं आसतंय व्हय?"

"अण्णाराव गेलता."

"ते पुरुषमाणूस हाय."

"मग काय बाई दिसली की समुद्र आटतोय?"

सावित्रम्मानं पदर तोंडावर धरला. गुरप्पानं तिच्याकडे असं पाहिलं की ती पळी घेऊन आतच गेली. मग तो आवाज खाली आणून, समजुतीनं बोलला. "वैनी, आयका. देवाचं नाव घ्या. कुटलंबी घ्या. मी सोता टेशनावर सोडायला येतो. पुढं तुमी काय बघता त्ये कोन इचारतंय? पन नुसतं बघायला म्हनून गेलात, तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा र्‍हानार न्हाय. मग पडवीतली चूल इझली आसं समजा. यात्रंची भाकरी आसल्या हातची कोन घील?"

आता अक्का खोटं बोलायला भिणारी नव्हती. परवाची भाकरी "आत्ताच उतरवलीया" म्हणून तिनं शेकडो वेळा खपवली होती. एक नाव घेतलं असतं तर चूलही राहिली असती आणि समुद्रही दिसला असता. तिचं तिलाही हे कळत होतं. पण ते नाव तिच्या जिभेवर येईना. जन्मभर तिनं केलं ते सगळं कुणाच्या तरी नावानं केलं होतं. पहाटे उठली ती सासूच्या नावानं, उपास केले ते नवऱ्याच्या नावानं, भाकरी थापल्या त्या दुसऱ्यांच्या देवांच्या नावानं. ही एकच गोष्ट तिला स्वतःला हवीशी वाटली होती, आणि आता तीही कुणाच्या तरी नावावर टाकायची? नाही म्हणजे नाही.

"चूल तुझी न्हाय, माझी हाय," ती गुरप्पाला म्हणाली. "आन् मी जानार."

सोबतीला आली बजाबाई. ही मोहोळची, अक्काचं दळण दळायची. धिप्पाड बाई, खदखदून हसणारी. "अक्का, तुमी एकल्या कुटं जाता? मी येते की. जात्याचा दगुड लई फिरवला, आता मी फिरते."

जायच्या आदल्या दिवशी अक्कानं पहिल्यांदा स्वतःसाठी भाकरी थापल्या. बजाबाई परातीत पीठ ओतता ओतता गिऱ्हाइकी सुरात म्हणाली, "कुठल्या देवाला वो, अक्का?"

"गप बस आन् पीठ दे," अक्का म्हणाली. पण तिला हसू आलं होतं.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइटची छोटी गाडी धरली. पंढरपूर आलं तसा सगळा डबा उठला. गाठोडी खाली गेली, माणसं खाली गेली, डब्यात दोघीच उरल्या. उतरता उतरता एक म्हातारी थबकली. "उतरत न्हाय व्हय?"

"न्हाय. म्होरं जायाचंय."

"म्होरं कंचा देव हाय?"

"म्होरं समुद्र हाय," अक्का म्हणाली. म्हातारीनं दोघींकडे नीट पाहिलं आणि कुणाचं तरी काही तरी बिघडलंय अशा चेहऱ्यानं मान हलवत उतरली. अक्का खिडकीशी ताठ बसून राहिली. गाडी हलली तेव्हा तिच्या छातीत धडधडत होतं, पण त्या धडधडीत भीती थोडी होती आणि मौज जास्त.

मिरज झाली, कोल्हापूर झालं, मग सर्व्हिस मोटारीनं पन्हाळा. संध्याकाळी गडाच्या कडेला दोघी उभ्या राहिल्या आणि खालून वारा आला. थंड. वैशाखात थंड! सोलापुरात या वेळी माणसं भिंतींवर पाणी मारत असतील, आणि इथं अक्कानं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. खाली शेतं, वाड्या, कुणाकुणाच्या चुलींचे धूर. चुलीचा धूर तिनं जन्मभर खाल्ला होता. वरून तो कसा दिसतो हे तिला आज कळलं. एवढासा. किती वेळ ती तिथून हलेना. बजाबाई म्हणाली, "अक्का, ह्यो वारा हितं फुकट वाया चाललाय बघा. आपल्याकडं कुनी धाडत न्हाय."

आंब्याला घाटमाथ्यावर मुक्काम पडला, शाळेच्या ओसरीत. गावातल्या बाया बघायला जमल्या. करवंदांची पाटी पुढं ठेवली, त्यांना अक्कानं भाकरी मोडून दिली. कडकन आवाज झाला तशा त्या बाया दचकल्या आणि मग सगळ्या मिळून हसल्या. "देशावरच्या बायकांचे दात बरे," एक जण म्हणाली. करवंदांच्या चिकानं अक्काचे ओठ चिकटले, तरी ती खातच राहिली. कुणाला वाढायचं नाही, कुणाचं झालं का बघायचं नाही. नुसतं बसून खायचं. असं बसून तिनं शेवटचं कधी खाल्लं होतं ते तिला आठवेना.

घाट उतरताना मोटारीच्या वळणांनी बजाबाईचं पोट ढवळून निघालं. तिनं घाटाला, मोटारीला, ड्रायव्हरला आणि अण्णारावांना मनसोक्त शिव्या दिल्या. रत्नागिरीत एका खाणावळवाल्या काकूंकडे ओसरी मिळाली. काकू तोंडानं फटकळ पण हातानं सढळ होत्या.

"कुठून आलात? सोलापुराहून? आणि कशाला?"

"समुद्र बघायला."

"समुद्रात काय बघायचंय?" काकू भाताचे तांदूळ धुता धुता म्हणाल्या. "रोजचाच तर आहे. एवढ्या लांब आलात तर गणपतीपुळ्याला जाऊन या, देवाचं दर्शन घ्या. म्हणजे खेप फुकट जायची नाही."

इथंही तेच. पाय धुवायच्या आधी, सामान सोडायच्या आधी अक्का मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली.

तिनं काय पाहिलं ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. एवढंच खरं की ती पलीकडचा काठ शोधत होती. तळं म्हटलं की पलीकडं काठ असतो, घाट असतो, कुणी तरी धुणं धूत असतं. तिनं डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला. पलीकडं काही नव्हतं. ती ओल्या वाळूत मटकन बसली आणि रडायला लागली. दुःख नव्हतं. एवढं मोठं काही तरी इथं जन्मभर होतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग होता, आणि शेवटी दिसलं याचा आनंद होता. बजाबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून दिलं. "अक्का, येवढं पानी, आन् एक घोट पिता यीना! सोलापूरचं पानी बरं वो, थोडं हाय पन ग्वाड हाय."

पुळ्याला त्या गेल्या, कारण तिथली वाळू पांढरी आहे असं काकूंनी सांगितलं होतं. देऊळ अगदी पाण्याच्या कडेला. बजाबाई दर्शनाला आत गेली. अक्का बाहेर वाळूत बसली. सकाळची तिची पूजा व्हायची होती. गळ्यात बांधलेलं इष्टलिंग तिनं रुमालातून काढलं आणि डाव्या तळव्यावर घेतलं. लिंगायताच्या घरातलं माणूस देव गळ्यात घेऊनच फिरतं. लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग मातीत जाईपर्यंत सोबत असतं. तांब्यातल्या गोड्या पाण्यानं तिनं ते धुतलं, विभूती लावली. आणि मग तिच्या मनात आलं की ह्यानं तरी कुठं पाहिलाय समुद्र? जन्मभर माझ्यासंगं पडवीतल्या धुरात बसलाय. तिनं तळवा पाण्याच्या दिशेनं वर धरला.

"नोडप्पा," ती आपल्या माहेरच्या बोलीत हळूच म्हणाली. बघ रे बाबा.

लाट आली, तिच्या गुडघ्यांपर्यंत भिजवून गेली. तिनं तळवा खाली आणला नाही.

परतताना मिरजेच्या फलाटावर गल्लीतला धुळाप्पा भेटला. बजाबाईची बहीण मिरजेत होती, तिच्याकडे एक मुक्काम करून निघायचं होतं. धुळाप्पा पुढं गेला, आणि त्यानं जाऊन वर्दी दिली.

म्हणूनच टांगा बाळीवेशीत शिरला तेव्हा दारापुढं रांगोळी होती. दाराला आंब्याचं तोरण होतं. पाय धुवायला पाण्याची घागर काढून ठेवली होती. ओट्यावर मठातले चन्नय्यास्वामी पाटावर बसले होते आणि आतून हुग्गीचा, गूळ घालून शिजवलेल्या गव्हाच्या खिरीचा, वास येत होता. काशी-रामेश्वराहून माणूस सुखरूप परतला की गल्लीला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. अक्काच्या घरी मावंदं होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या होत्या. गुरप्पा हार घेऊन पुढं आला आणि हार घालता घालता कानाशी पुटपुटला, "गोकर्ण सांगितलंय. गोकर्णालाबी समुद्र आसतोय. तुमी नुसतं गप र्‍हावा."

म्हणजे हे असं होतं. ती गेली त्या दिवशीच गुरप्पानं गल्लीभर सांगून टाकलं होतं की वैनी गोकर्णाच्या महाबळेश्वराला गेल्यात. आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. वैनीची अब्रू आपण राखली, चूलही राखली, असंच त्याला मनापासून वाटत होतं. चांगुलपणानं केलेलं खोटं होतं ते. म्हणूनच अक्काला जास्त झोंबलं.

बजाबाईनं मागून पदर ओढला. "अक्का, पुळ्याचा गनपती तर झालाच की. खोटं कुटं हाय? ऱ्हावा गप."

गप राहायचं होतं, एवढंच. बोलायचंसुद्धा नव्हतं. चूल राहत होती, मान वाढत होता, हुग्गी शिजलेली होती.

गल्लीतली सगळ्यात म्हातारी नागव्वा काठी टेकत पुढं आली आणि पायांवर वाकली. अक्कानं झटकन तिचे दोन्ही हात धरले.

"नागव्वा, पाया कशाला पडताय?"

"गोकर्णाहून आलीस गं बाई. तुझ्या पायाला पुण्य लागलंय."

अक्कानं गुरप्पाकडे पाहिलं. त्याचे डोळे विनवत होते. कडेवर घेतलेल्या त्या पोराचे डोळे तिला ओळखीचे होते, आणि क्षणभर तिला त्याची दयाही आली. मग तिनं नागव्वाला सरळ उभं केलं.

"माझ्या पायाला वाळू लागलीया, नागव्वा. समुद्राची. मी गोकर्णाला गेले नव्हते. कुठल्याच देवाला गेले नव्हते. बघायला गेले व्हते."

"वैनी थट्टा करत्यात," गुरप्पा मोठ्यानं म्हणाला. "परवासानं दमल्यात."

"दमले न्हाय. उलट लई ताजी होऊन आले."

ओळीतून कुजबुज उठली. चन्नय्यास्वामींनी घसा खाकरला. "मग हे मावंदं कशाचं, बाई?"

"समुद्राचं."

"देव सोडून समुद्राचं?"

"देव कुटं सोडला, स्वामी?" अक्कानं गळ्यातलं लिंग पदराखालून मुठीत धरलं. "तुमीच शिकवलं न्हवं, आपला देव आपल्या गळ्यात म्हनून? मग त्याला भेटायला मी कुटं जाऊ? मी न्हाय गेले देवाला. देव माझ्यासंगं आला. त्याला मी समुद्र दाखवून आनलाय."

स्वामींनी खोटं म्हणावं तर शिकवण त्यांचीच, आणि खरं म्हणावं तर ओट्यावरची सगळी माणसं ऐकत होती. त्यांनी झोळी उचलली आणि निघाले. जाताना आतल्या हुग्गीच्या पातेल्याकडे एकदा वळून पाहिलं, एवढंच.

अक्काचे पाय धुवायला काढून ठेवलेली घागर गुरप्पानं उचलली, पडवीत गेला आणि ती चुलीवर उपडी केली. मातीची चूल. एक कड भिजून खचली, चिखल होऊन वाहू लागली.

"झालं?" तो म्हणाला. "आता बघा, काय बघायचं त्ये."

इतक्या वर्षांची चूल, अक्काच्या हातानं दर सणाला सारवलेली. पण तिनं हार काढून टांग्याच्या दांडीला अडकवला, पडशीतून उरलेल्या भाकरी काढल्या आणि रस्त्याच्या कडेच्या ओट्यावर पदराचं टोक पसरून त्यावर मांडल्या.

"गोकर्णाचं मावंदं मी घालनार न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हे समुद्राचं. ज्याला चालंल त्यानं बसावं. न्हाय चाललं त्यानं घरला जावं, मी रागावनार न्हाय."

कुणी पुढं आलं नाही. नागव्वासुद्धा काठीवर रेलून तशीच उभी राहिली. बजाबाई मात्र बसली, पण ती तर अक्काचीच होती, तिचं कोण धरतो?

मग दारातून सावित्रम्मा बाहेर आली. हातात हुग्गीचं पातेलं होतं, चिमट्यांनी धरलेलं, जड. या घरात आल्यापासून तिनं गल्लीत कधी मोठ्यानं शब्द काढला नव्हता. तुळजापूर वेशीच्या बाहेर काय आहे हेही तिला ऐकून ठाऊक. नवऱ्याच्या अंगावरून ती सरळ पुढं गेली, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि अक्काच्या शेजारी मांडी घालून बसली.

"अक्का," ती म्हणाली, "केवढा आसतो वो?"

सगळी गल्ली ऐकत होती. अक्का म्हणाली, "सावित्री, आपल्या तळ्याला पल्याडचा काठ दिसतो की न्हाय? आपल्याला वाटतं, काठ सगळीकडंच दिसत आसंल. तितं दिसत न्हाय. कितीबी डोळं ताण. तितं बसलं की वाटतं, काठ आसतोच आसं आपल्याला नुसतं सांगून ठेवलंय कुनी तरी."

सावित्रम्मानं एक भाकरी उचलली आणि मोडली. कडकन आवाज झाला. नागव्वा काठी टेकत आली. "जरा सरका गं पोरींनो," ती म्हणाली, "म्हातारीला बसाया जागा द्या." तिच्या मागून एक आली, मग दोघी आल्या. सगळ्या नाही आल्या. निम्म्या घरी गेल्या आणि जाताना जे बोलायचं ते बोलून गेल्या. बसल्या त्यांनी हुग्गी चाटूनपुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरप्पा पडवीत आला तेव्हा सावित्रम्मा कोपरापर्यंत मातीनं भरली होती. खचलेली कड तिनं लिंपून काढली होती आणि अक्का शेजारी बसून "तिकडं जरा जाड घे" असं सांगत होती. गुरप्पा उभा राहिला, बघत राहिला. बायकोनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मातीत हात घातला. तो टोपी घालून दुकानात गेला.

चूल महिना-दोन महिने रिकामी जळली. मठातली मंडळी आली नाहीत, काशीवाला आला नाही. पण भाकरी शेवटी भाकरी असते, आणि तशी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. तोंडं वाकडी करून का होईना, माणसं परत पडवीत टेकू लागली. अक्का त्यांना पूर्वीसारखंच झाडायची. एक गोष्ट मात्र तिनं सोडली. "कुठल्या देवाला?" असं तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. "कुटं?" एवढंच विचारी, आणि सांगणाऱ्यानं काहीही सांगितलं तरी भाकरी मोजायला घेई.

पुढच्या चैत्रात एका सकाळी सावित्रम्मा स्वयंपाकघरातून आली आणि गिऱ्हाईक जिथं टेकतं तिथंच टेकली.

"अक्का, भाकरी पायजेत."

"कुनाला?"

"मला."

अक्काचा हात तव्यावरच थांबला. आत गुरप्पा अंगरखा चढवत होता, त्याचीही चाहूल थांबली.

"किती लांब?" अक्कानं विचारलं.

"काठ दिसायचा थांबंल तितवर," सावित्रम्मा म्हणाली. ती हळू बोलली नाही.

आत गुरप्पा नुसता खोकला. अक्कानं परात पुढं ओढली आणि पीठ जास्तीचं घेतलं.